कारणाचा रकाना

सातारा नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात मी एकतीस वर्षं काढली. त्या एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कागद हरवला नाही, असं मी निवृत्तीच्या समारंभात माइकवर सांगितलं होतं आणि टाळ्याही घेतल्या होत्या. आणि तीच मी, शोभा कारखानीस, पोटच्या मुलीला फोनवर तीन वेळा सांगत होते, "अगं, तुझी ती फाइल काही सापडत नाहीये."

फाइल कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. सहा वर्षं ती माझ्या कपाटात पैठणीच्या खाली पडून होती. ऑगस्टमध्ये ऋताच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी कोलकात्याला निघाले, तेव्हा तीही माझ्याबरोबर निघाली. अळिवाचा डबा, सुंठीची पूड, चार दुपटी, जुन्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीच्या घडीत तपकिरी फाइल. द्यायची नव्हती तर घरी ठेवायची होती, आणली होती तर द्यायची होती. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

जावई केदारराव सरकारी बँकेत अधिकारी. नागपूर झालं, रांची झालं, आता दोन वर्षं कोलकाता. डमडमला तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे आणि विमानं अगदी डोक्यावरून जातात. माझी नात गौरी, सहा वर्षांना टेकलेली, विमान आलं की वाक्य अर्ध्यात थांबवते आणि ते गेलं की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करते. मला हे फार आवडलं. तिचं मराठी घरातलं आणि बंगाली खालच्या अंगणातलं. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "आजी, तू भात खाबे?" मी म्हटलं, खाबे.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, अशी आमची रीत. त्याप्रमाणे गौरी साताऱ्याला झाली. आता पाळी विहीणबाईंची होती, पण वृंदाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी आले. गौरीच्या वेळी ऋताचं सीझर झालं होतं. हे दुसरं मूल मात्र तिला नैसर्गिकरीत्या व्हायला हवं होतं, निदान तसा प्रयत्न तरी करून बघायचा होता. त्यासाठी तिथल्या डॉक्टरांना पहिल्या ऑपरेशनचा कागद पाहिजे होता. एवढाच तो मामला. आणि तो कागद माझ्या गोधडीत होता.

ऋताकडे एक वही होती. सीझरनंतर ज्यांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, अशा बायकांना गाठायचं, प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून ठेवायची. चौकसपणा तिने माझ्याकडूनच घेतलाय, त्यामुळे मला बोलायला जागा नव्हती. वहीत पहिलं पान लीनाचं होतं. लीनाचा नवरा लष्करात, बदली होऊन फोर्ट विल्यमला आलेला. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दोघींची ओळख झालेली. लीनाने आधीच्या गावी असा प्रयत्न केला होता. चौदा तास कळा दिल्या आणि शेवटी दुसऱ्यांदा सीझरच झालं.

"मग एवढं सोसून मिळवलं काय?" मी ऋताला विचारलं.

तिने वही उघडून वाचून दाखवलं. "दोन दिवस रडले. पण पहिल्या वेळी मला स्ट्रेचरवरून ढकलत नेलं होतं, दुसऱ्या वेळी मी पायांनी चालत गेले. मीच म्हणाले, आता करा."

 हे उत्तर मला नीट कळलं नव्हतं, आणि न कळलेलं मला पचत नाही.

दोन दिवसांनी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. बाहेर बाकावर बागबाजारची एक बाई तीन महिन्यांची मुलगी घेऊन बसली होती. पहिलं सीझर, दुसरी ही नैसर्गिक. ऋताने वही काढायच्या आत मीच माझ्या मोडक्या हिंदीत तिला धरलं. कळा किती तास होत्या, जुन्या टाक्याची भीती नाही वाटली का, घरच्यांनी अडवलं नाही का. बाई हसरी होती. भीती तर वाटतच होती, म्हणाली. सासू रोज कालीमातेला काहीतरी नवीन कबूल करून यायची. "पहिल्या वेळी मी गुंगीत होते. आई झाल्याचं मला दुसऱ्यांनी सांगितलं. या वेळी मीच सगळ्यांना कळवलं. माझं ओरडणं पार आमच्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं असणार!" आणि ती इतकी खळखळून हसली की मांडीवरची मुलगी दचकली.

डॉक्टर मधुवंती सान्याल पन्नाशीच्या, चष्मा नाकावर उतरलेला. बोलणं हिंदीत, पण बंगाली गोलाई घेऊन. मी आल्याचं पाहून त्यांना बरं वाटलं.

"पहिल्या ऑपरेशनचे पेपर आणले?"

"आईला सापडत नाहीयेत," ऋता म्हणाली.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे पाहिलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि समजावणं इतकं चांगलं होतं की मी माझी लबाडी विसरून खुर्ची पुढे ओढली. पोटावरचा व्रण आडवा आहे, पण तो कातडीचा. आत गर्भाशयाला कुठे आणि कसा छेद दिलाय, ते त्यावरून कळत नाही. खाली आडवा असेल तर तो कळा सोसतो. वर उभा असेल तर प्रयत्न करायचाच नाही, टाका उसवायची भीती फार.

"म्हणजे वरची शिवण आडवी आणि आतली उभी, असं असू शकतं?" मी विचारलं.

"असू शकतं."

"मग आतली दिसणार कशी?"

"कागदावर," डॉक्टर म्हणाल्या.

मी खुर्ची पुन्हा मागे घेतली.

सगळं चांगलं असेल तर शंभरातल्या साठ-सत्तर जणींना जमतं, त्या म्हणाल्या. दोनशेत साधारण एखादीचा टाका उसवतो, आणि तेव्हा मिनिटामिनिटाला किंमत असते, म्हणून ऑपरेशनची खोली तयार ठेवूनच हे करायचं. "आणि मला कारणही हवं. पहिल्या वेळी सीझर का केलं? डोकं अडकलं होतं? ठोके उतरले होते? कारणावरून पुढचा अंदाज बांधता येतो."

"बाळ दमलं होतं," ऋता म्हणाली. पाठ केलेली कविता म्हणावी तसं म्हणाली. "कळा येत होत्या, पण मला जमत नव्हतं. बाळ आत गुदमरत होतं."

 हे वाक्य तिला मी दिलं होतं.

कागद नसेल तर धोका घेणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. एकोणचाळिसावा आठवडा भरला की सीझर, तारीख दहा सप्टेंबर. "बदलून हवी असेल तर आत्ताच सांगा. माझ्याकडे पुष्कळ लोक पंचांग बघून येतात." दहा सप्टेंबर म्हणजे पितृपक्षातली तृतीया, हे मी मनातल्या मनात मोजूनसुद्धा झालं होतं. सवय, दुसरं काय.

परत येताना टॅक्सीत ऋता खिडकीबाहेर बघत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू पडायला सुरुवात झालेली, टॅक्सी लांबच उभी राहिली. उतरायच्या आधी ती म्हणाली, "आई, मला काही पराक्रम करून दाखवायचा नाहीये. मला तेव्हा जमलं नाही, ते खरंच जमण्यासारखं नव्हतं का, एवढंच बघायचं होतं. आता ते कधीच कळणार नाही."

आता ते सांगायलाच हवं.

आमच्या नोंदणीच्या फॉर्मवर बाळाची तारीख, वजन, आईचं वय, सगळं असतं. प्रसूतीचा प्रकारही असतो, नैसर्गिक, सिझेरियन की चिमटा लावून. का केलं, याचा रकाना नसतो. पण एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलं की रकाना नसलेलंही दिसायला लागतं. दर भाद्रपदात पितृपक्षाच्या आधीच्या दोन दिवसांत सीझरचे ढीगभर फॉर्म यायचे आणि पुढे पंधरा दिवस टेबल रिकामं. मी शेजारच्या टेबलावरच्या अरुण भोसल्यांना म्हणायचे, "भोसले, पोरं पण पंचांग वाचून यायला लागली बघा." आम्ही दोघं खूप हसायचो. लोक किती खुळे असतात, असं मला मनापासून वाटायचं.

आणि मग भाद्रपदातल्या पौर्णिमेला माझ्याच मुलीला कळा सुरू झाल्या. केदारराव नागपूरहून निघाले होते, पोचले नव्हते. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणजे सगळी जबाबदारी माझी. दुपारी तीनला डॉक्टर बाहेर आले. सगळं ठीक चाललंय, म्हणाले, पण पहिलटकरीण आहे, पहाट उजाडेल. मी विचारलं, आधी नाही का होणार? ते म्हणाले, आधी हवं असेल तर सीझर करावं लागेल, तुम्ही म्हणाल तसं. पहाटे म्हणजे प्रतिपदा. पितृपक्षात जन्मलेलं बाळ घेऊन मुलगी सासरी जाणार, आणि वृंदाताई काय म्हणतील? त्या काही म्हणाल्या नव्हत्या. त्यांना मी विचारलंही नव्हतं. मी म्हटलं, "करून टाका." मग आत जाऊन ऋताचा हात धरला आणि म्हणाले, "बाळ दमलंय गं, डॉक्टर म्हणतात आता थांबायचं नाही." तिने दाखवतील तिथे सही केली, मीही केली.

संध्याकाळी पावणेसहाला गौरी झाली. तिचा फॉर्म पुढे भोसल्यांनीच नोंदवला, आणि तेव्हा ते हसले नाहीत, हे मला आजपर्यंत टोचतं.

डॉक्टरांकडे जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी केदारराव बँकेत आणि गौरी शाळेत गेल्यावर मी ती फाइल घेऊन गॅलरीत बसले. ऋता आत झोपली होती. सहा वर्षांत मी ती एकदाही उघडली नव्हती. मी काय बोलले ते मला माहीत होतं. डॉक्टरांनी काय लिहिलं ते माहीत नव्हतं, आणि जगातला हा एकच कागद असा होता की जो वाचायची मला उत्सुकता नव्हती.

डिस्चार्ज कार्डांचं इंग्रजी मला चांगलं वाचता येतं, आयुष्यभर तेच वाचलंय. गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलेलं. बाळाचे ठोके उत्तम. प्रगती समाधानकारक. गर्भाशयाला खालच्या भागात आडवा छेद. आणि कारणापुढे इंग्रजीत तीनच शब्द, नातेवाइकांच्या विनंतीवरून. खाली माझी सही. माझ्या सहीखाली मी नेहमी एक रेघ मारते, तीसुद्धा मारलेली होती.

डॉक्टरांनी खरं ते लिहून ठेवलं होतं. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. मला एकदम इतकी लाज वाटली की वाळत घातलेल्या चादरीमागे जाऊन मी उभी राहिले. समोरच्या गॅलरीतून कुणी बघत होतं असंही नाही.

ऋता उठल्यावर तिच्या हातात फाइल दिली. "सापडली?" ती आनंदाने म्हणाली.

"हरवलीच नव्हती," मी म्हटलं.

ती वाचत गेली. त्या तीन शब्दांपाशी थांबली. मी उभी राहून सगळं सांगितलं. पौर्णिमा, प्रतिपदा, वृंदाताई, करून टाका. बसावंसं वाटलं नाही.

"तू मला सांगितलंस बाळ दमलंय."

"हो."

"गौरीला ताप आला की मला काय वाटायचं माहितीये? तिला अक्षरं उशिरा आली, तेव्हा रांचीत मी रात्र रात्र जागी होते. वाटायचं, मला जमलं नाही म्हणून ही आत गुदमरली, त्याचंच हे असणार. सहा वर्षं, आई. सहा वर्षं मी तिच्याकडे गुन्हेगारासारखी बघत होते. आणि बाळाचे ठोके उत्तम!"

मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले. तिने तो बाजूला केला. बरोबरच होतं.

पुढचे तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. "गौरी, आजीला सांग, पान वाढलंय." गौरी दोन पावलांवर बसलेल्या मला सांगायची. मग मी म्हणायचे, "गौरी, आईला सांग, आले." तिसऱ्या दिवशी पोरगी वैतागली आणि म्हणाली, "तुम्ही दोघी एकाच खोलीत आहात!" केदारराव बिचारे ताटातली भाजी निरखत बसायचे. मला साताऱ्याचं तिकीट काढून द्या, असं मी त्यांना हळूच म्हणाले. ते म्हणाले, "आई, ती तुम्हाला जा म्हणालेली नाही. ती म्हणेपर्यंत थांबा." माणूस कमी बोलतो, पण नेमकं बोलतो.

चौथ्या दिवशी दुपारी ऋता वही घेऊन समोर बसली. "बस. मला विचारायचंय."

नवीन पान उघडून तिने वर माझं नाव लिहिलं. आई नव्हे, शोभा. आणि बाकीच्या बायकांना विचारायची तसे एकेक प्रश्न विचारले. डॉक्टर नेमकं काय म्हणाले? किती वाजले होते? तू उभी होतीस की बसलेली? मी जे आठवतं ते सांगत गेले. एकही शब्द सारवून घ्यायचा नाही, असं ठरवलं होतं.

"भीती कशाची वाटली?"

"वृंदाताईंची. लोकांची."

"मला का नाही विचारलंस?"

"तू ओरडत होतीस गं."

पेन थांबलं. "ओरडणाऱ्या बाईला मत नसतं?"

 तिने तिथे एक रेघ मारून जागा कोरी सोडली आणि वही मिटली. मग म्हणाली, "चहा टाकतेस का?" वहीबाहेरचं, थेट मला, तीन दिवसांनी पहिल्यांदाच.

डॉक्टर सान्यालांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! छेद आडवा, कळा व्यवस्थित, पाच सेंटिमीटरपर्यंत स्वतःहून गेली. बाळाला काही त्रास नाही. कारण तिच्या शरीरातलं नव्हतंच. यापेक्षा चांगला पेपर मला काय मिळणार? करू प्रयत्न." दहा तारखेवर त्यांनी काट मारली.

मी ज्या कागदाला सहा वर्षं घाबरले, तोच तिच्या कामाचा निघाला. मला हायसं वाटलं आणि ते तोंडावर दिसलं असणार, कारण जिना उतरताना ऋता म्हणाली, "तू खूश होऊ नकोस हं."

"नाही होत," मी म्हटलं. पण झाले होते.

दहा तारीख आली आणि गेली. पितृपक्ष सुरू होता आणि इथे अख्खं शहर खरेदीला निघालेलं. शेजारच्या काकींनी मला बोलावून पूजेच्या नव्या साड्या दाखवल्या, सात की आठ. मी विचारलं, या पंधरवड्यात नवीन घेतलेलं चालतं? त्यांना प्रश्नच कळला नाही. महालया, म्हणजे आपली सर्वपित्री, आली की देवी येणार, आत्ता नाही घ्यायचं तर कधी, म्हणाल्या. मी मुकाट्याने साडीचा पदर हातात घेऊन बघितला. सुंदर होता.

नवमीला सकाळी सहा वाजता ऋताला कळा सुरू झाल्या. आठला आम्ही नर्सिंग होममध्ये होतो. तिच्या पोटाला ठोके मोजायचा पट्टा बांधला. केदारराव आत-बाहेर करत होते. मी बाहेरच्या बाकावर बसले. आमच्यासारख्यांना इथे पेशंट पार्टी म्हणतात. बाकावर सगळ्या पार्ट्या हातात फाइली आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेल्या. दर थोड्या वेळाने दार उघडायचं आणि सिस्टर ओरडायची, अमुकची घरची माणसं कोण? एक पार्टी धावत जायची, बाकीच्या खाली मान घालायच्या.

दीडच्या सुमारास केदारराव गौरीला शाळेतून आणायला गेले आणि दहाच मिनिटांत दार उघडलं. "ऋता बापटेर बाडीर लोक!" ऋताच्या घरची माणसं.

मी उठले. सिस्टर तरुण होती, घाईत होती, पण वाईट नव्हती. हिंदीत म्हणाली, "मासीमा, दोन तास झाले, सहा सेंटिमीटरवरच थांबलंय. ठोके चांगले आहेत. जुन्या टाक्यापाशी दुखत नाहीये. डॉक्टर दीदी म्हणतात, अजून दोन तास बघता येईल, नाहीतर आत्ता ऑपरेशन. घरचे काय म्हणतील तसं. तुम्ही सही करून द्या." तिने फॉर्म पुढे केला आणि स्वतःच्या खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

या वेळी तिथी माझ्या डोक्यात नव्हती, खरंच नव्हती. डोक्यात होती दोनशेतली ती एक. त्या दोनशे जणींत ऋता कितवी, हे मला कोण सांगणार होतं? सही केली की भीती संपली. अर्ध्या तासात बाळ हातात. सही करायची जागा फुलीने दाखवलेली होती, आणि माझा हात आयुष्यभर फुली दिसली की सही करत आलाय.

"तिला विचारलंत?" मी म्हटलं.

"तिला केवढं दुखतंय, मासीमा. ती काय सांगणार? तुम्ही मोठ्या आहात."

आतून ऋताच्या ओरडण्याचा आवाज आला. अगदी तसाच, सहा वर्षांपूर्वीचा.

"मला नका विचारू," मी म्हटलं. आवाज नको इतका चढला, बाकावरच्या सगळ्या पार्ट्यांनी वर पाहिलं. "मला विचारून एकदा झालंय. ओरडत असली तरी तिलाच विचारा. मला आत सोडा, नाहीतर तुम्ही जा, पण तिला विचारा."

सिस्टरने मला आत सोडलं. ऋता पलंगाची कड धरून उभी होती, केस कपाळाला चिकटलेले. मी फॉर्म तिच्यासमोर धरला आणि सिस्टर जे बोलली होती ते शब्दाला शब्द सांगितलं. सहावर थांबलंय. ठोके चांगले. टाका ठीक. दोन तास बघता येईल किंवा आत्ता. जास्त नाही, कमी नाही. कळ आली तेव्हा थांबले, ती ओसरल्यावर राहिलेल्या शब्दापासून पुढे सांगितलं.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

"मला काय वाटतं ते मी बाहेर बाकावर ठेवून आलेय."

तेवढ्यात डॉक्टर सान्याल आल्या. ऋताने धापा टाकत त्यांना दोन-तीन प्रश्न विचारले. ठोके उतरले तर किती वेळात नेणार? ऑपरेशनची खोली मोकळी आहे का? मग पेन घेतलं आणि सही केली. "सही करून ठेवतेय. पण दोन तास थांबा. मधे काही बिघडलं तर लगेच न्या. नाही बिघडलं तर साडेतीनला मी सांगेन."

डॉक्टर म्हणाल्या, "ठीक आहे." इतकं सोपं होतं ते.

मी बाहेर येऊन बसले. तासाभराने केदारराव गौरीला घेऊन आले, तेव्हा त्यांना काय झालं ते सांगितलं. ते माझ्याशेजारी बसले आणि घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून सारखं बघत राहिले. गौरीने विचारलं, बाळ कुठल्या बाजूने बाहेर येतं? मी खरं सांगितलं. तिने थोडा विचार करून विचारलं, "आणि मी?" मी तेही सांगितलं.

सव्वातीनला आतून एक आरोळी आली, बागबाजारपर्यंत जाईल अशी, आणि मागोमाग बारीक रडणं. मुलगी झाली, तीन किलो शंभर. मला हुंदका आवरेना. केदाररावांनी आईला फोन लावला. "दोघी सुखरूप ना? टाका ठीक आहे ना?" वृंदाताईंचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. तिथी त्यांनी विचारली नाही. तेव्हाही विचारली नसती.

संध्याकाळी सिस्टरने नोंदणीचा फॉर्म आणून दिला. तो तरी मी भरणारच होते. तारीख, वेळ, वजन. प्रसूतीचा प्रकार, नैसर्गिक. अक्षर छान आलं. मी फॉर्म ऋताला दाखवायला नेला. ती थकून उशीला टेकली होती, बाळ तिच्या छातीशी. तिने फॉर्म वाचला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला फक्त माहिती करून घ्यायचं होतं.

"आई, म्हणजे तेव्हाही जमलं असतं ना?"

कुणास ठाऊक, असं म्हणता आलं असतं. डॉक्टरही तेच म्हणाल्या असत्या, प्रत्येक वेळ वेगळी असते. पण तिने डॉक्टरांना विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं.

"हो," मी म्हटलं. "जमलं असतं."

 खाली रस्त्यावर मांडवाच्या बांबूंवर ठोकाठोकी चालली होती. मग तिने बाळाला अलगद छातीवरून उचललं आणि माझ्यापुढे केलं.

"धर हिला," ती म्हणाली. "मान सांभाळ."